डिझेल इस्टेट मोटारीचा संसार

रामनवमीच्या सुमारास वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वाहनांची जी रीघ लागते, ती पाहण्यासारखी असते. मानोरा तालुक्यातील हे छोटे गाव एरवी शांत असते. मात्र संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर येथे असल्याने बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. यात्रेच्या दिवसांत महाराष्ट्रातूनच नव्हे, तर तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातूनही भाविक येथे दाखल होतात. एसटीच्या गाड्या, जीप, टेम्पो, ट्रॅक्टर आणि अलीकडे मोठ्या संख्येने आलेल्या उंच एसयूव्ही यांची तेथे दाटी होते. या गर्दीत एक वाहन मात्र अपवादानेच दृष्टीस पडते. ते म्हणजे इस्टेट मोटार, म्हणजेच आपल्याकडे पूर्वी जिला स्टेशन वॅगन म्हणत ती गाडी.

वास्तविक अशा प्रवासासाठी याहून सोयीची गाडी शोधून सापडणार नाही. घरातील पाच माणसे, दोन दिवसांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाचे सामान, पाण्याचे कॅन आणि परतीच्या वाटेवर गावाकडून मिळणारे तुरीच्या डाळीचे पोते, एवढे सगळे पोटात घेऊनही सेडानसारखी पळणारी ही गाडी आहे. तिला ताकदीचे डिझेल इंजिन आणि थोडी खेळाडू वृत्तीची बांधणी लाभली असेल, तर लांबचा पल्ला कंटाळवाणा न होता आनंदाचा होतो. मग अशा गाडीशी रोजचा संसार कसा करावा, आणि तो परवडतो का, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

इस्टेट म्हणजे नेमके काय?

इस्टेट ही मुळात सेडानच असते. फरक एवढाच की तिचे छत मागच्या टोकापर्यंत सरळ नेलेले असते आणि डिकीच्या झाकणाऐवजी तेथे वर उघडणारा पाचवा दरवाजा असतो. मागच्या आसनाची पाठ पुढे पाडली की आतील जागा एकदम दुप्पट-तिप्पट होते. स्कोडा ऑक्टेव्हियाच्या तिसऱ्या पिढीचे उदाहरण घेता येईल. तिच्या कॉम्बी या इस्टेट आवृत्तीत मागची आसने जागेवर असताना ६१० लिटर सामान मावते, आणि आसने पाडल्यावर हा आकडा १,७४० लिटरपर्यंत जातो.

ज्या समाजाच्या श्रद्धास्थानाकडे ही वाट जाते, त्याला सामान वाहण्याची विद्या कोणी शिकवण्याची गरज नाही. रेल्वे आणि पक्क्या सडका येण्यापूर्वी धान्य आणि मीठ देशभर पोहोचवण्याचे काम बंजाऱ्यांचे तांडे करीत असत. बैलांच्या पाठीवर गोणी लादून चालणाऱ्या या व्यापाराला लदेणी म्हणत. बैलाच्या दोन्ही बाजूंचे वजन सारखे नसेल तर त्याची पाठ सोलवटते आणि चाल बिघडते, हा लदेणीतला साधा नियम. मोटारीतही तो तितकाच लागू पडतो, हे पुढे दिसेलच.

महाराष्ट्रात घडलेला इतिहास

भारतातील इस्टेट मोटारीची कथा बरीचशी महाराष्ट्रातच घडली. पुण्याजवळच्या कारखान्यातून १९९२ मध्ये बाहेर पडलेली टाटा इस्टेट ही त्या काळी मोठ्या कौतुकाचा विषय होती. साधारण दोन लिटर क्षमतेचे तिचे डिझेल इंजिन दणकट होते, मात्र चपळ नव्हते. त्यानंतर २००४ मध्ये टाटांनीच इंडिगो मरिना आणली. औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडा ऑक्टेव्हिया तयार होऊ लागली आणि तिची कॉम्बी आवृत्तीही काही काळ भारतात विकली गेली. ऑक्टेव्हियाच्या १.९ लिटर टीडीआय इंजिनाने आपल्याकडील चालकांना प्रथमच हे दाखवून दिले की डिझेल गाडी म्हणजे केवळ काटकसर नव्हे. ९० अश्वशक्ती हा आकडा फार मोठा नव्हता. पण २१० न्यूटन मीटर इतका टॉर्क कमी फेऱ्यांतच हाती येत असल्याने घाटात आणि ओव्हरटेक करताना ती गाडी आपल्या आकड्यांपेक्षा कितीतरी दमदार वाटे.

याच काळात मारुतीची बलेनो अल्टुरा आणि ओपेलची कोर्सा स्विंग या पेट्रोल इस्टेटही येऊन गेल्या. त्यांपैकी एकीनेही बाजारात मूळ धरले नाही. याचे एक कारण मानसिक होते. वेगळी डिकी असलेली गाडी म्हणजे प्रतिष्ठा, आणि मागून सपाट असलेली गाडी म्हणजे मालवाहू किंवा रुग्णवाहिका, अशी आपली समजूत होती. दुसरे कारण करांचे होते आणि ते अधिक निर्णायक ठरले. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. डिझेलसाठी इंजिनाची मर्यादा १,५०० सीसी होती. परिणामी कंपन्यांनी गाड्या लांब करण्याऐवजी छाटण्यास सुरुवात केली. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची शेपटी आखडून इंडिगो सीएस आणली. लांबी हेच जिचे भांडवल, त्या इस्टेटला या हिशेबात जागाच उरली नाही. २०२५ च्या जीएसटी फेररचनेतही ४ मीटरची ही सीमारेषा कायम राहिली आहे.

खेळाडू डिझेल

युरोपात मात्र या प्रकाराने चांगलेच बाळसे धरले. स्कोडाने २००६ मध्ये ऑक्टेव्हिया आरएसला १७० अश्वशक्तीचे दोन लिटर डिझेल इंजिन दिले. पुढच्या पिढीत ही शक्ती १८४ आणि त्यानंतर २०० अश्वशक्तीवर गेली. आठवडाभर मुलांना शाळेत सोडणारी आणि सुटीत डोंगरवाटांवर मनसोक्त पळणारी एकच गाडी, असा तिचा लौकिक झाला. भारतात ऑक्टेव्हिया आरएस आली ती पेट्रोल इंजिन घेऊनच. आपल्याकडे दमदार डिझेल इस्टेट अवतरल्या त्या महागड्या वर्गात. २०१७ मध्ये व्होल्वोची व्ही९० क्रॉस कंट्री आली. तिचे इंजिन २३५ अश्वशक्तीचे आणि टॉर्क ४८० न्यूटन मीटर. २०१८ मध्ये मर्सिडीज-बेंझने ई-क्लास ऑल-टेरेन आणली, तीही डिझेलवर चालणारी. या गाड्या नव्याने घेणे सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. आता त्या जुन्या बाजारात तुरळक दिसतात, आणि जुनी कॉम्बी किंवा मरिना जपणारे हौशीही आहेत. म्हणूनच या गाडीचा गुणदोषांसह विचार करण्याची गरज आहे.

डिझेलची गोडी कशात आहे, हे थोडक्यात सांगायचे तर ती टॉर्कमध्ये आहे. पेट्रोल इंजिनाला जोर येण्यासाठी बहुधा फेऱ्या वाढवाव्या लागतात. टर्बो डिझेल मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपासच पूर्ण जोर लावते. गाडीत पाच माणसे आणि शंभर किलो सामान असताना हा फरक विशेष जाणवतो. गिअर न बदलता चढ पार होतो आणि ट्रकला ओलांडताना जीव टांगणीला लागत नाही. इस्टेट ही भार वाहणारी आणि डिझेल हे भाराला न डगमगणारे, त्यामुळे ही जोडी स्वभावानेच जमलेली आहे.

आठवड्याचे पाच दिवस

खरी परीक्षा होते ती शहरात. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात घर ते कार्यालय पाच-सहा किलोमीटर असेल, तर आधुनिक डिझेल गाडीसाठी हा वापर अतिशय प्रतिकूल आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांनुसार डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, बसवलेली असते. या गाळणीत साठलेली काजळी वेळोवेळी जाळून टाकावी लागते. त्यासाठी धुराचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढावे लागते. इंजिन हे काम आपणहून करते, मात्र त्याला सलग काही मिनिटांचा मोकळा रस्ता हवा असतो.

सिग्नलमागून सिग्नल घेत जाणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया दर वेळी अर्ध्यावर तुटते. काजळी तशीच राहते. ती जाळण्यासाठी जादा फवारलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतो आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करतो. अखेरीस डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिन जोर कमी करते आणि गाळणी बदलण्याची पाळी आल्यास खर्च चांगलाच भरतो. यावर उपाय साधा आहे. आठवड्यातून किमान एकदा गाडी महामार्गावर नेऊन वीस-पंचवीस मिनिटे एका लयीत चालवावी. ज्यांना हे शक्य नाही आणि ज्यांचा बहुतेक प्रवास शहरातच आहे, त्यांनी डिझेलच्या वाटेला जाऊ नये, हेच शहाणपणाचे.

टर्बोचार्जरचीही एक शिस्त आहे. थंड इंजिनाला पहिल्या काही किलोमीटरमध्ये पिळू नये. लांब आणि वेगवान धावेनंतर चावी लगेच बंद न करता इंजिन मिनिटभर संथ चालू द्यावे, म्हणजे टर्बोच्या तापलेल्या भागांतून तेल वाहत राहते आणि ते जळून थर साचत नाही. ऑइलची प्रतही कंपनीने सांगितलेलीच वापरावी. डीपीएफ असलेल्या इंजिनाला कमी राख सोडणारे विशिष्ट ऑइल लागते. स्वस्तातले साधे ऑइल घातल्यास त्याची राख गाळणीत कायमची बसते, आणि काजळीप्रमाणे ती जळून जात नाही.

शहरातील आणखी एक अडचण लांबीची. व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री जवळपास ४.९४ मीटर लांब आहे. जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ती शेजाऱ्याच्या जागेत डोकावते. गाडी पसंत करण्यापूर्वी टेपने आपली जागा मोजणे ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट पुढचे बरेच वाद टाळते.

लादणी आणि समृद्धी

आता यात्रेचा दिवस घेऊ. समजा, एक कुटुंब छत्रपती संभाजीनगरहून पहाटे निघाले आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. शेलूबाजार किंवा कारंजा येथे महामार्ग सोडून मानोऱ्याच्या दिशेने वळता येते. पूर्वी दिवस खाणारा हा प्रवास आता काही तासांचा झाला आहे.

मात्र येथेच सर्वाधिक सावधगिरीची गरज आहे. या महामार्गावर मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर अंतर कापते. ताशी १०० च्या तुलनेत तिच्यातील गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी अधिक असते, आणि ब्रेकना ती सगळी जिरवावी लागते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बसला झालेल्या अपघातात २५ प्रवाशांचा मृत्यू झाला, ही घटना अजून विस्मरणात गेलेली नाही. सरळ, एकसुरी काँक्रीटचा रस्ता चालकाला पेंग आणतो. शांत आणि ताकदवान गाडीत तर वेगाची जाणीवच बोथट होते. खेळाडू गाडीचा हा सर्वांत मोठा धोका आहे. दर दोन तासांनी थांबणे हा येथे आरामाचा नव्हे, सुरक्षिततेचा भाग मानावा.

दुसरा प्रश्न टायरचा. रामनवमी येते ती मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा विदर्भात पारा चाळिशीकडे किंवा त्यापुढे सरकलेला असतो. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेरीत अधिक दबतो, अधिक तापतो आणि फुटण्याची शक्यता वाढते. भरलेल्या इस्टेटच्या मागच्या चाकांवर तर जादा भार असतो. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत हवेच्या दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असतात. बहुतेक मालक दुसऱ्या रकान्याकडे कधी पाहतच नाहीत. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, भरलेल्या गाडीचा दाब ठेवावा. वाटेत टायर तापल्यावर दाब वाढलेला दिसला, तरी हवा काढू नये. स्टेपनीचीही हवा तपासावी, कारण ती नेमकी गरजेच्या वेळीच बसलेली निघते.

तिसरी गोष्ट सामान लावण्याची. जड वस्तू सर्वांत खाली आणि मागच्या आसनाच्या पाठीला टेकवून ठेवाव्यात. डाळीचे पोते पाचव्या दरवाजाशी ठेवले, तर ते मागच्या चाकांच्याही मागे येते. गाडीचे नाक वर होते, पुढच्या चाकांची पकड घटते आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. अनेक गाड्यांत झोत खाली करण्याचे छोटे चाक स्टिअरिंगजवळ असते, त्याचा उपयोग करावा. दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवावे. लदेणीचा नियम येथे पुन्हा भेटतो. सेडानची डिकी बंद असते. इस्टेटमध्ये मात्र सामान आणि प्रवासी एकाच पोकळीत असतात. त्यामुळे खिडकीच्या वर रचलेला डबा जोराच्या ब्रेकसरशी मागे बसलेल्या आजी-आजोबांच्या डोक्यावर येऊ शकतो. आसनामागे लावायची जाळी या गाड्यांसोबत मिळते. जुनी गाडी घेताना ती आहे ना, हे आवर्जून पाहावे. एकूण भाराचेही भान हवे. अशा बहुतेक गाड्यांची माणसांसह भारक्षमता पाचशे किलोंच्या आसपास असते. पाच प्रौढ माणसे बसली की त्यातील सव्वातीनशे किलो संपले, हे विसरता कामा नये.

अखेरचे काही किलोमीटर

महामार्ग सोडल्यानंतर खरा वऱ्हाडी रस्ता सुरू होतो. काळ्या कापसाच्या जमिनीचा स्वभाव असा की ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचे डांबर त्यामुळे लाटांसारखे वरखाली होते आणि कडेला खड्डा पडतो. प्रत्येक गावाच्या वेशीवर गतिरोधक असतात आणि त्यांपैकी काही कोणत्याच मापात बसणारे नसतात. येथे खेळाडू बांधणीची किंमत मोजावी लागते. जमिनीलगत झुकलेली, कडक स्प्रिंगची गाडी भरलेल्या अवस्थेत आणखी खाली बसते आणि सायलेन्सर घासला जातो. क्रॉस कंट्रीसारख्या गाडीत जमिनीपासून २१० मिलिमीटर उंची ठेवलेली आहे, ती अशाच वाटांसाठी.

रुंद आणि चपटे टायर दिसायला देखणे असतात. २२५/४० आर१८ या मापाच्या टायरची बाजूची भिंत जेमतेम ९० मिलिमीटर उंच असते, तर २०५/५५ आर१६ ची सुमारे ११३ मिलिमीटर. हे २३ मिलिमीटर रबरच खड्ड्याचा मार सोसते. ते नसेल तर मार थेट रिमवर बसतो. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच असल्याने, ब्रेकचा आकार परवानगी देत असेल तर, गावाकडच्या वाटांवर नियमित जाणाऱ्याने लहान रिम आणि जाड टायर घेणे हिताचे. वळणावरची धार थोडी बोथट होईल. पण मानोऱ्याच्या रस्त्यावर रात्री रिम वाकून खोळंबा होण्यापेक्षा ते बरे.

हिशेब

आता पैशांचा प्रश्न. वर्षाला १२ हजार किलोमीटर धावणारी डिझेल इस्टेट लिटरमागे १८ किलोमीटर देते आणि तितक्याच ताकदीची पेट्रोल गाडी १३, असे धरू. पहिलीला सुमारे ६६७ लिटर लागतील, दुसरीला ९२३. म्हणजे वर्षाला अडीचशे लिटरची बचत. ही रक्कम दुर्लक्षिण्यासारखी नाही. परंतु एकदा इंजेक्टर, डीपीएफ किंवा टर्बो बिघडला की दोन-तीन वर्षांची बचत एका फटक्यात जाते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल दरावरील सरकारी नियंत्रण उठले, तेव्हापासून स्वस्त इंधन हा डिझेलचा जुना आधारही कमकुवत झाला आहे. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर जाणाऱ्याने केवळ बचतीसाठी डिझेल घेण्यात अर्थ नाही.

वयाचाही विचार हवा. महाराष्ट्रात १५ वर्षे झालेल्या खासगी मोटारीची नोंदणी योग्यता तपासून पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते आणि त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. जुन्या इस्टेटचा पाचवा दरवाजा, मागची काच आणि मागचे दिवे सेडानपेक्षा वेगळे असतात. थोड्याच गाड्या विकल्या गेल्याने हे भाग सहजी मिळत नाहीत. इंजिनाचे भाग मिळतात, पण मागची काच फुटली तर महिनाभर शोधाशोध करावी लागू शकते. म्हणून जुनी गाडी पाहताना इंजिनाइतकेच लक्ष मागच्या भागाकडे द्यावे. दरवाजा वर उचलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्या, रबरी कड, आसन पाडण्याची कळ, डिकीच्या तळाशी साचलेले पाणी, सगळे तपासावे. दुरुस्तीच्या पावत्या मागाव्यात. मालक गाडी कुठे चालवीत असे, हेही विचारावे. महामार्गावर लाखभर किलोमीटर धावलेले डिझेल शहरात चाळीस हजार धावलेल्या डिझेलपेक्षा अनेकदा निरोगी असते.

या प्रकाराचा काळ सरत चालला आहे, हेही मान्य केले पाहिजे. व्होल्वोच्या बेल्जियममधील गेंट कारखान्यातून फेब्रुवारी २०२४ मध्ये शेवटची डिझेल गाडी बाहेर पडली. ती व्ही६०, म्हणजे इस्टेटच होती. आपल्याकडेही मारुती सुझुकीने बीएस-६ येताच डिझेल सोडले. तेव्हा ज्याच्या दारात अशी गाडी आहे, त्याने ती जपावी; आणि जो आता घेऊ पाहतो, त्याने आपला महिन्याचा प्रवास प्रामाणिकपणे लिहून काढावा. महिन्यातून दोनदा गावी जाणे होत असेल, घरात म्हातारी माणसे असतील ज्यांना उंच एसयूव्हीत चढणे जड जाते, सामान नेहमीच असेल आणि चालवण्याची आवडही असेल, तर ही गाडी तिचे मोल देते. यांतील दोन गोष्टी जरी नसतील, तरी दुसरा विचार करावा.

पोहरादेवीत आता नंगाऱ्याच्या आकाराची भव्य वास्तू उभी आहे. बंजारा समाजाचा वारसा मांडणाऱ्या या संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. आपल्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर किती आणि कसे वाहून नेले, हे मुलांना दाखवण्यासाठी तरी तेथे जावे. लदेणीच्या नायकाला मुक्कामी किती लवकर पोहोचलो यापेक्षा सगळे बैल आणि सगळी माणसे धड पोहोचली का, याची काळजी अधिक असे. दोनशे अश्वशक्तीच्या गाडीचे चाक हाती घेणाऱ्यानेही तीच काळजी सोबत ठेवावी.